पायाळू बाई आणि आठ फुटी भिंत

माझा जन्म पायाकडून झाला. आधी पाय आले, डोकं मागून आलं. आई म्हणे, ते अजूनही मागंच आहे. पण आमच्या वणीत डोक्याले कोण विचारते? पायाळू पोरगी झाली हे कळल्यावर गल्लीतल्या पाठदुखीवाल्यायनं माझ्या बारशापर्यंत तरी दम धरला, हेच नवल.

ज्यायले माहीत नसन त्यायच्यासाठी सांगते. पायाकडून जन्मलेलं माणूस म्हणजे पायाळू. कोणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकता वाकता चमक निघाली आणि माणूस तसाच वाकडा राह्यला, तर पायाळूनं त्या जागी तीनदा लाथ मारायची. जोरात नाही, टेकवल्यासारखी. मारताना बोलायचं नाही, हसायचं नाही. उसण जाते म्हणतात. आणि दुसरी गोष्ट अशी म्हणतात, का पायाळूवर वीज पडते. म्हणून आभाळ गडगडलं की पायाळूच्या बाजूले कोणी उभं राहत नाही. पाठ दुखली की घरात बोलवायचं आणि ढग आले की अंगणात काढायचं, असा सगळा मामला.

मी धड चालत नव्हती तेव्हापासून लोक मले उचलून नेत आणि कोणत्यातरी आजोबाच्या पाठीवर उभं करत. लाथ मारून झाली, की मोठ्या माणसाले पाय लागला म्हणून लगेच त्याच्या पाया पडा लागे. आधी लाथ मार, मग पाया पड. एवढा गोंधळ कोणत्या लेकराच्या डोक्यात घालू नये. शाळेत एका मास्तरले लाथ मारली तर त्यानं मले पेपरमिंटची गोळी देल्ली. दुसऱ्या दिवशी मी आणखी एका मास्तरले न विचारताच मारली. त्यानं छडी देल्ली. तेव्हापासून माझा स्वभाव असा आहे.

लग्नाचंही तेच. सासूबाई मले पाहायले आल्या त्याच मुळात वाकड्या होऊन. एसटीतून उतरताना उसण भरलती. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव विचारणं झालं, आणि मग बाई आमच्या बैठकीत सतरंजीवर सरळ पोटावर झोपल्या. मी तीन लाथा मारल्या, पाया पडली. त्या उठल्या, कंबर हलवून पाह्यली आणि म्हणाल्या, "पोरगी सावळी आहे, तोंडाची फटकळही दिसून राह्यली, पण चालते." नवरा बिचारा कोपऱ्यात पोह्याची बशी घेऊन बसला होता. त्याले कोणी काही विचारलंच नाही.

आता मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. या लाथेवर माझा काडीचाही विश्वास नाही. उसण म्हणजे स्नायू आखडतो, दोन दिवसात आपोआप सुटतो, लाथ मारा नाहीतर आरती ओवाळा. पण हे समजावून सांगायले अर्धा तास जाते आणि समोरचा शेवटी म्हणतेच, "ते ठीक आहे मॅडम, पण मारा ना." म्हणून मी मारून मोकळी होते.

तर आमच्या घरात अडथळ्यायच्या शर्यतीचं खूळ आणलं माझ्या धाकट्या दिरानं. मी लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, म्हणून चार लोकायत त्याले भाऊजी म्हणते आणि घरात अरे-तुरे करते. आता कोर्टात बाबू आहे. खुर्चीत बसून बसून पोट पुढं आलं, आणि एक दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून हा पेटला. माणसं चिखलातून सरपटून राह्यली, काटेरी तारेखालून जाऊन राह्यली, दोरावर चढून राह्यली, भिंतीवरून पलीकडं पडून राह्यली.

"वहिनी, यवतमाळच्या बाजूले होणार आहे हे. चौघायची टीम पाह्यजे. चौघंही सोबत पोचले तरच मेडल."

"चिखलात लोळायले मेडल कायले पाह्यजे? म्हशी काय मेडल पाहून लोळतात का?" मी म्हटलं. पण ऐकते कोण.

टीम जमली. एक हा. दुसरा त्याचा लहानपणचा दोस्त, त्याचं टायरचं दुकान आहे आणि त्याची तब्येतही टायरसारखीच आहे, म्हणून आपण त्याले टायरवालाच म्हणू. तिसरी आमच्या कॉलेजातली पीटीची मॅडम. मुकुटबनच्या बाजूच्या तांड्यावरची बंजारा पोरगी, अंगानं काटक, आणि शिटी तोंडात घेऊनच जन्मली असन असं वाटते. घरी गोर बोली बोलते, कॉलेजात मराठी, आणि चिडली की हिंदी. चौथा दिराच्या ऑफिसातला एक किडकिडीत टायपिस्ट. मी टीममध्ये नव्हती. टीममध्ये फक्त माझा पाय होता.

प्रॅक्टिस पहाटेची, टायरवाल्याच्या दुकानामागच्या आवारात. तिथं कोळशाच्या ट्रकायचे जुने टायर पडलेले असतात. ते उचलून पलटवायचे, पुन्हा पलटवायचे. कडुनिंबाले विहिरीचा जाड दोर बांधला होता, त्याच्यावर चढायचं. सरकीची पोती खांद्यावर घेऊन आवाराले चकरा मारायच्या. इंजिन उचलायच्या लोखंडी चौकटीले लोंबकळून एका हातावरून दुसऱ्या हातावर जायचं. कोळशाच्या धुळीनं सगळे असे काळे होत, की दिराच्या बायकोनं एक दिवस त्याले दारात उभं करून नाव विचारलं.

आता कोणत्याही शहाण्या माणसाले कळते, की असं काही करायच्या आधी अंग मोकळं करा लागते. मॅडम रोज शिटी मारे आणि म्हणे, "पहले वॉर्मअप. मान, खांदे, कंबर, घोटे." आणि ही गाढवं रोज म्हणत, "मॅडम, टाइम कायले घालवता? वहिनी आहे ना."

हेच तर सगळ्या दुखण्यायचं मूळ. जगात सगळीकडं लोक लागू नये म्हणून काळजी घेतात. आमच्या इथं लागलं तर वहिनी आहे म्हणून काळजी घेत नव्हते. टायरवाल्यानं गुडघे न वाकवता टायर उचलला, कंबरेत चमक निघाली, तो तसाच काटकोनात चालत माझ्या घरी आला. लाथ मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच उचलला, पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अहो, गुडघे वाकवा ना." तर म्हणते, "गुडघे दुखतात वहिनी, कंबरेचं तर आपल्याजवळ औषध आहे." याले काय बोलावं?

दीर दोरावर चढला तो झाडावरच्या लाल मुंग्यायच्या घरात डोकं घालून आला. उतरायची एवढी घाई झाली, की दोर न सोडता घसरतच खाली आला. दोन्ही तळव्यायची सालं निघाली. त्यालेही लाथ पाह्यजे होती. मी म्हटलं, "हातावर उसण नसते रे भैताडा." मग हळद-तेल लावलं. जावेले त्याले कितीतरी दिवस घास भरवा लागला, आणि ती भरवताना जे बोले ते मी इथं लिहू शकत नाही.

बरं, हे सगळे यायचे सकाळी. मी गॅसवर दूध ठेवलेलं, एका हातात झाडू, आणि व्हरांड्यात हे एका रांगेत पोटावर पडलेले. समोरच्या काकू एकदा फाटकाशी थबकल्या आणि हळू आवाजात माझ्या नवऱ्याले विचारलं, "कोण गेलं हो?" नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता सांगतलं, "अजून कोणी नाही."

मग टायपिस्टचा खांदा गेला. लोखंडी चौकटीवरून हात सुटला आणि खांदा उतरल्यासारखा लोंबून राह्यला. त्याले सरळ दवाखान्यात न्यायचं सोडून माझ्याकडं आणलं. मी ओरडली, "अरे, हाडाच्या डॉक्टरकडं न्या त्याले." टायपिस्ट रडवेला होऊन म्हणे, "एक तरी मारा ना मॅडम, मनाले बरं वाटीन." मी एवढी चिडली की त्याच्या सगळ्या खानदानाले मारली असती. नाहीच मारली. नवऱ्यानं त्याले गाडीवर घालून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं हात गळ्यात बांधून देल्ला आणि टीममधली एक जागा खाली झाली.

त्याच हप्त्यात एक गोष्ट झाली. मॅडमच्या तांड्यावर त्यायच्या शेतात सरपटायची प्रॅक्टिस होती. चण्याले पाणी देऊन वावराचा एक तुकडा ओला ठेवला होता. आपली काळी माती ओली झाली म्हणजे काय असते ते आपल्यालेच माहीत. पाय टाकला की वावर बुटासोबतच वर येते. वर तारा ताणल्या होत्या, आणि मॅडमनं तारेले बैलाच्या गळ्यातली घंटी बांधलती. पाठ लागली की घंटी वाजणार. टायरवाला आत गेला तेव्हापासून घंटी थांबलीच नाही. मॅडमची याडी, म्हणजे आई, खाटेवर बसून हे सगळं पाहून राह्यलती. शेवटी तिनं लेकीले विचारलं, "या लोकायचं काय हरवलं वावरात? सांग म्हणा, आपण दिवसा शोधून देऊ."

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलेली. हातात चहाचा थर्मास, पायाखाली दिरानं मुद्दाम आणलेलं पोतं. कायले? तर पायाले काटा रुतू नये म्हणून. मी बसल्या बसल्या पाहून राह्यलती, की हे लोक ढुंगण वर करतात म्हणून तार लागते. कोपरं रुतवायची, टाचेनं मागं रेटायचं, बस. मनात काय आलं देव जाणे. थर्मास ठेवला, ओढणी कमरेले बांधली आणि गेली आत. मातीचा वास नाकात, तोंडात माती, केसात माती. पलीकडं निघाली तेव्हा घंटी एकदाही वाजली नव्हती. मले एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की मी तशीच वळली आणि सरपटत परत आली. सत्तेचाळीस वर्षाची बाई आहे मी. असा आनंद मले लग्नातही झाला नव्हता.

वर पाह्यलं तर दीर आणि टायरवाला कपाळाले हात लावून उभे.

"वहिनी, काही झालं असतं म्हणजे?" दीर म्हणे. "पाय मुरगळला असता तर आमचं काय झालं असतं?"

आमचं. माझं नाही, आमचं. मले ते एवढं लागलं की मी तिथंच सांगून टाकलं, "चौथी मी. टायपिस्टच्या जागी मी पळणार."

ते हसले. टायरवाला तर चांगला हसला, मग कंबर धरून थांबला. "तुम्ही बाजूले बसा ना वहिनी, थर्मास घेऊन. तुम्ही आमचा दवाखाना आहा."

"मग दवाखाना बंद," मी म्हटलं.

आणि खरंच बंद केला. टीममध्ये घेतल्याशिवाय लाथ नाही. मॅडम एकटी माझ्या बाजूनं होती, पण तिले कधी उसण भरतच नव्हती, कारण ती वॉर्मअप करे. बाकीच्यायचे हाल पाहण्यासारखे होते. टायरवाला गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या बुटाकडं पाहून बोले. दीर कोर्टात वाकूनच गेला, तर लोकायले वाटलं साहेबाले एवढा मान देणारा बाबू आजपर्यंत पाह्यला नाही. माझा नवरा, जो वर्षाकाठी चार वाक्य बोलते, तोही म्हणाला, "घे म्हणा बाप्पा तिले. मलेही शिंकताना उसण भरली आहे आणि मले सांगायची भीती वाटून राह्यली." शेवटी दीर आला, दाराच्या चौकटीले धरून उभा राह्यला आणि म्हणाला, "ठीक आहे वहिनी. पण भिंत पार करा लागीन."

भिंत म्हणजे सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून मॅडमच्या वावरात उभी केलेली, आठ फूट उंच. एकानं खाली गुडघ्यावर बसायचं, दुसऱ्यानं त्याच्या मांडीवर पाय देऊन वरची कड धरायची, मग जोर लावून पाय वर टाकायचा आणि पलीकडं उतरायचं. मॅडम तर मांजरीसारखी जाय. मी कड धरे, लोंबे, आणि खाली येई. पुन्हा धरे, पोटापर्यंत वर जाई, आणि तिथं अडके. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. गुरुत्वमध्य कुठं असतो, टेकू कुठं द्यायचा, हे सगळं मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. भिंतीवर अडकल्यावर त्यातलं काही कामाले येत नाही. पोरायले मी उगीच एवढे मार्क कापते असं तेव्हा वाटलं.

बरगड्या निळ्या झाल्या, गुडघे सोलले, एका रात्री तर कूस बदलता येईना. कोणाले सांगणार? पायाळूची उसण कोण काढते? मी आपली गुपचूप शेक घेई आणि सकाळी पुन्हा उघडलेल्या दवाखान्यात टायरवाल्याच्या पाठीवर पाय ठेवायले उभी राही. शर्यतीचा दिवस आला तरी मी एकदाही ती भिंत पार केली नव्हती; दिराले चौथं दुसरं कोणी मिळालंच नाही, म्हणून मले घेतलं. पण मले ती पार करायचीच होती. आजपर्यंत हा पाय दुसऱ्यायच्या पाठीवर पडला, आता तो मले माझ्यासाठी कुठंतरी टाकायचा होता. एवढंच.

शर्यत यवतमाळजवळच्या एका माळावर. थंडी संपत आलेली, आणि तुरी सोंगायच्या वेळेले आपल्याकडं जसं अवकाळी आभाळ येते तसं त्या दिवशी आलं. सगळ्यात आधी आभाळाकडं कोणी पाह्यलं असन तर टायरवाल्यानं. मग माझ्याकडं पाह्यलं. मग माझ्यापासून जरा दूर सरकला.

"टीम एकमेकाच्या जवळ राह्यली पाह्यजे," मॅडम ओरडली.

"राहू ना," तो म्हणाला, "पण जरा सुटसुटीत राहू."

चिखल झाला, तार झाली. तिथं मी सगळ्यायच्या पुढं होती. दोर माझ्यानं झाला नाही, त्याच्या बदल्यात उठाबशा काढा लागतात, त्या काढल्या. वाळूची पोती वाहून झाली. मले दम लागला होता, पण मजा येऊन राह्यलती, आणि मग भिंत आली.

मॅडम गेली, दीर गेला. दोघंही पलीकडं. अलीकडं मी आणि टायरवाला. तो गुडघ्यावर बसला, मी त्याच्या मांडीवर पाय देल्ला, कड धरली, आणि काय झालं मले आजही सांगता येत नाही. रोजच्यासारखी पोटावर अडकली, पण मग पलीकडून मॅडमनं अशी शिटी फुंकली की माझा पाय आपोआप वर गेला. मी भिंतीवर बसली होती. घोड्यावर बसतात तशी, एक पाय इकडं, एक पाय तिकडं. सगळा माळ दिसून राह्यलता. मले हसू आलं.

आणि खाली टायरवाला म्हणाला, "आई गं."

मी पाह्यलं. तो उठता उठता वाकला होता आणि तसाच राह्यला होता. हळूहळू चिखलात पोटावर झोपला.

"वहिनी. भरली. खाली या."

शर्यतीचा डॉक्टर, गळ्यात शिटी घातलेला एक पोरगा, धावत आला, त्यानं पाठीवर फवारा मारला आणि म्हणाला की थोडं पडून राहा, सुटीन. टायरवाल्यानं त्याच्याकडं पाह्यलंही नाही. "वहिनी, या ना. एक लाथ. आमची वहिनी पायाळू आहे," त्यानं डॉक्टरले समजावून सांगतलं.

हे त्यानं हळू बोलायले पाह्यजे होतं. भिंतीपाशी मागच्या टीमायची रांग लागलेली. त्यातला एक कंबर धरून पुढं आला, उमरखेडकडचा होता, म्हणाला, "ताई, पायाळू हाव का तुम्ही? माझं बी तेवढं बघा की." आणि टायरवाल्याच्या बाजूले झोपला. मग अमरावतीचे दोघं झोपले. मग एक चांगला शिकलेला दिसणारा, हाताले महागडं घड्याळ बांधलेला माणूस. त्यानं आधी इकडंतिकडं पाह्यलं आणि मग तोही झोपला. मी वरून पाहून राह्यली आणि खाली चिखलात पाठीच पाठी.

खाली उतरली असती तर पुन्हा वर चढणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, हे मले पक्कं माहीत होतं. आणि या पाठी संपल्या नसत्या.

"नाही," मी म्हटलं.

"वहिनी, मी नाही आलो तर टीमच बाद आहे," टायरवाला म्हणाला. पलीकडून दीर ओरडला, "वहिनी, मारून या ना एक, कितीसा वेळ लागते?"

"नाही म्हणजे नाही. डॉक्टर उभा आहे त्याच्यापाशी. आज मी दवाखाना नाही." माझा आवाज चढला तो चढलाच. "सत्तेचाळीस वर्ष मारून राह्यली. लग्न ठरलं ते लाथेवर, टीममध्ये आली ती लाथेवर. एक भिंत चढली मी, एक. तीही उतरू का?"

  आणि बरोबर माझ्या डोक्यावर आभाळ असं गडगडलं की भिंतीच्या फळ्या थरथरल्या.

मले आधी काही कळलंच नाही. खाली पाह्यलं तर चिखल रिकामा. उमरखेडवाला दूर बाभळीपाशी पोचला होता, अमरावतीचे दोघं त्याच्याही पुढं. महागडं घड्याळवाला सगळ्यात जोरात पळला. आणि टायरवाला, ज्याले उठता येत नव्हतं, तो डॉक्टरच्या मागं सरळ ताठ उभा. त्यानं कंबरेले हात लावला. इकडं वाकला, तिकडं वाकला.

"गेली," तो म्हणाला.

"मग या वर."

"तुम्ही आधी उतरा वहिनी. त्याच्याशिवाय मी त्या भिंतीले हात लावत नाही."

मग काय, उतरली. उतरली म्हणजे उडीच मारली, रागात, आणि डावा पाय वाकडा पडला. घोट्यात कट्‌ झालं. मी ओठ दाबून उभी राह्यली. टायरवाला डॉक्टरच्या मांडीवर पाय देऊन वर आला, अलीकडं पोत्यासारखा आदळला, उठला. चौघंही भिंतीच्या पलीकडं होतो. शेवटची रेषा माळाच्या त्या टोकाले दिसून राह्यलती.

दीर म्हणाला, "पाठकुळी घेऊ का?" मी म्हटलं, "हात लावून पाहा." आणि लंगडत निघाली. मॅडम माझ्या बाजूनं चालली, तिनं शिटी तोंडातून काढून ठेवली. वारं सुटलं, दोन-चार थेंब पडले, बाकीच्या टीमा सगळ्या निघून गेल्या. आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो, चौघंही सोबत. रेषेवरच्या पोरीनं मेडल गळ्यात घातली तेव्हा तिच्या मागं मांडव उतरवणं चालू झालं होतं.

मी तिथंच मातीत बसली. बुटात पाय मावत नव्हता. तिघं माझ्याभोवती उभे राह्यले आणि एकमेकाकडं पाहायले लागले. दीर आणि टायरवाला एवढे महिने रोज काही ना काही दुखवून घेणारी माणसं, पण दुसऱ्याले लागलं तर काय करायचं असते हे त्यायले ठाऊकच नव्हतं. टायरवाल्यानं आभाळाकडं एकदा पाह्यलं, आणि मग माझ्या अगदी बाजूले येऊन बसला. मॅडम बर्फ आणायले गेली आणि घेऊन आली. दिरानं गुडघे टेकले, माझ्या बुटाची चिखलानं घट्ट झालेली नाडी दातानं सोडवली, बूट हळूच काढला आणि पाय दोन्ही हातात धरून ठेवला. त्याच्या तळव्यायची नवी कातडी अजून गुलाबी होती.

"वहिनी," तो म्हणाला, "दुखते का?"

हे मले आजपर्यंत कोणीच विचारलं नव्हतं. माझा पाय सगळ्यायनं मागितला. तो दुखतो का असं कोणी विचारलं नव्हतं. मले एकदम रडू फुटलं, पोरीसारखं, मोठ्यानं, मांडववाले पाहायले लागले एवढं. मी म्हटलं, "हाव रे. लय दुखते." आणि मग मी सांगतच बसली, घोट्यात दुखते, बरगडीत दुखते, गुडघे रोज ठणकतात, रात्री कूस बदलता येत नाही. पाऊस लागला तरी ते तिघं तिथंच बसून ऐकत राह्यले.